फुकटच्या मांजराचा पावणेदोन लाखांचा हिशोब

शिरड शहापूरला कुणी मांजर विकत घेतंय असं सांगितलं तर लोक हसतील. वसमत आणि औंढा नागनाथच्या मधल्या या गावात मांजर मिळतं, घ्यावं लागत नाही. कुणाच्या तरी आखाड्यावर कडब्याच्या वळईत मांजर व्यालेलं असतं. घरातली पोरगी एक पिल्लू ओढणीत गुंडाळून आणते. आजी आधी कपाळाला आठ्या घालते, मग म्हणते, ‘राहू दे गं. वाटीभर दूध पिईल न् पडून राहील कोपऱ्यात.’

खर्च किती? वाटीभर दूध. विषय संपला.

पण समजा, त्या पोरीने शंभर पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘जमा’ आणि उजवीकडे ‘खर्च’ लिहिलं आणि मांजराचा खरोखरचा हिशोब मांडायला बसली. मग काय होईल? मी तसा तो मांडून पाहिला. हाती नुसते आकडे आले नाहीत, खर्चाच्या एकेका ओळीखाली मांजराच्या शरीरातलं एकेक गुपित निघालं. तो प्राणी पैसे का खातो, हे त्याच्या यकृतात, डोळ्यांत आणि जिभेवर लिहिलेलं आहे!

पहिली ओळ आजीचीच घेऊ, दुधाची. दोनशे मिली दूध, साठ रुपये लिटरचा भाव धरला तर रोजचे बारा रुपये. वर्षाचे झाले 4,380. ‘वाटीभर’ दुधाने पहिल्याच झटक्यात चार हजारांचा आकडा ओलांडला! आणि गंमत अशी की मोठ्या मांजराला दूध नीट पचतही नाही. दुधातली साखर फोडणारं पाचकद्रव्य पिल्लाच्या पोटात भरपूर असतं, आईचं दूध सुटलं की ते आटत जातं. मग मांजर दूध का पितं? आवडतं म्हणून. त्यातल्या स्निग्धांशासाठी ते डोळे मिटून पितं आणि नंतर अनेकदा हगवणीने बेजार होतं. म्हणजे चार हजार देऊन आपण पोटदुखी विकत घेतो.

बरं, मग भाकरी? आजी इथे हमखास अडवणार. ‘आम्ही जन्मभर दूध-भाकरीचा कुस्करा घातला, मांजरं काय मेली का?’ नाही मेली, आजी. पण ती तुमच्या भाकरीवर जगतच नव्हती.

इथे 1975 सालात जाऊ. अमेरिकेतल्या संशोधकांच्या लक्षात आलं की विशिष्ट आहारावर वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय, ती आंधळी होतायत. आहारात एकच गोष्ट कमी होती, टॉरिन. मग 1987 साली कॅलिफोर्नियात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून मोठा धक्का दिला. दुकानात मिळणारं चांगलं पाकीटबंद खाद्य खाणाऱ्या मांजरांची हृदयं फुग्यासारखी ताणली जाऊन थकत होती आणि कारण पुन्हा तेच, टॉरिनची कमतरता. टॉरिन दिलं, आणि मरायला टेकलेल्या कित्येक मांजरांची हृदयं पूर्ववत झाली! आज मांजराच्या कुठल्याही बऱ्या खाद्याच्या पाकिटावर हा शब्द वाचायला मिळतो, तो या कहाणीमुळे.

हे टॉरिन आहे तरी काय? 1827 साली ते पहिल्यांदा सापडलं बैलाच्या पित्तात. लॅटिनमध्ये बैलाला ‘टॉरस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. म्हणजे पोळ्याला ज्याची पूजा करतो, त्याच्या नावाचा पदार्थ मांजराचं हृदय चालवतो. माणूस टॉरिन स्वतःच्या शरीरात बनवतो, कुत्राही बनवतो. मांजराला मात्र ते पुरेसं बनवता येत नाही. आणि धान्यात, भाजीत, भाकरीत ते जवळपास नसतंच.

मग आजीची मांजरं जगली कशी? उंदरांवर! उंदराच्या अंगात टॉरिन ठासून भरलेलं असतं. आजी घालत होती तो कुस्करा म्हणजे चहासोबतचं बिस्कीट. जेवण मांजर रात्री धान्याच्या कोठीमागे उरकून येत होतं.

एकदा हे कळलं की मांजराच्या शरीराकडे बघायची नजरच बदलते. कल्पना करा, एखाद्याच्या घराच्या भिंतीला लागूनच किराणा दुकान आहे, चोवीस तास उघडं. तो माणूस हळूहळू काय करील? जातं विकेल, पाटा-वरवंटा काढून टाकेल, लोणचं घालायचं बंद करील. सगळं तयार मिळतंय ना! मांजराच्या पूर्वजांनी लाखो वर्षांत नेमकं हेच केलं. उंदीर हे त्यांचं किराणा दुकान. गाजराच्या रंगापासून अ-जीवनसत्त्व बनवायची सोय आपल्या शरीरात आहे, मांजराने ती काढून टाकली, कारण उंदराच्या यकृतात ते तयार मिळतं. टॉरिनचा कारखाना जवळपास बंद, कारण माल बाहेरून येतो. गोड चवीची तर जीभच गेली! 2005 साली संशोधकांनी दाखवलं की गोडाची चव ओळखणारं एक जनुक मांजरात मोडून पडलेलं आहे. वाघात आणि चित्त्यातही ते तसंच मोडलेलं सापडलं. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. मावशी-भाच्याचं हे नातं जिभेपर्यंत पक्कं निघालं. पुरणपोळीचा घास मावशीपुढे टाकून बघा. तिने तो खाल्लाच तर तुपासाठी, गुळाचं तिला काही कळत नाही.

आता आपण काय करतो? त्या मांजराला पक्क्या घरात आणतो, फरशीवर ठेवतो. उंदराचं दुकान बंद. आणि त्या दुकानातून येणाऱ्या प्रत्येक मालाचं बिल आपल्या नावावर फाटतं. मांजराचा खर्च तो हाच.

तो मोजू. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. एक छोटा उंदीर म्हणजे तीसेक कॅलरी. म्हणजे रोज सात-आठ उंदीर! कोरड्या खाद्यात हेच साठ ग्रॅममध्ये भागतं, मूठभर. महिन्याला 1.8 किलो, वर्षाला 22 किलो. साडेतीनशे रुपये किलोचा भाव धरा (दुकानागणिक आणि कंपनीगणिक तो बदलेल), वर्षाचे 7,700 रुपये. एक टोचणी जाता जाता. गोठ्यातल्या म्हशीच्या पशुखाद्यावर जीएसटी नाही, मांजराच्या पाकिटावर 18 टक्के आहे. सरकारच्या लेखी म्हैस पोट भरते आणि मांजर चैन आहे.

पाकीट नको असेल तर उकडलेलं चिकन, सिद्धेश्वर धरणाची मासळी, बाजारातलं सुकट असं मिसळून भागवता येतं. मासळी शिजवून घालायची, कारण काही कच्च्या माशांत ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करणारा घटक असतो. शिरड शहापूरला मल्लिनाथांचं दिगंबर जैन क्षेत्र आहे. तिथल्या एखाद्या शाकाहारी घराला मांजराचा लळा लागला तर पेच खराच. टॉरिन कारखान्यात रसायनांपासून बनतं, पाकिटातलं टॉरिन बहुतेक तेच. पण मांजर निव्वळ शाकाहारावर ठेवणं म्हणजे फार बारीक दोरीवर चालणं आहे. ज्यांना घरात मांसमच्छी आणायचीच नाही, त्यांनी मांजराला आखाड्यावर, त्याच्या दुकानाजवळच राहू द्यावं, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता एक ओळ अशी, जिच्यापुढे आकडा शून्य आहे, पण तिच्यावर मी सर्वात जास्त वेळ थांबलो. शी-शूची माती. शहरातली माणसं त्यासाठी पिशव्या विकत आणतात. या धंद्याचा जन्म 1947 साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावात झाला. तोवर तिथे लोक मांजरासाठी राख किंवा वाळू ठेवत. एड लो नावाच्या तरुणाने शेजारणीला वाळूऐवजी एक शोषक माती दिली, तिला ती इतकी आवडली की त्याने ती पिशव्यांत भरून विकायला काढली. कोणती माती? आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची! पुढे ओलाव्याने गोळा होणारी माती आली, ती बेंटोनाइट. तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, पाणी पिऊन टम्म फुगणारं.

पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की भेगाळतं. ओळखीचं वाटतं ना? हिंगोली-परभणीच्या काळ्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा कशाने पडतात? पहिल्या पावसात चपलेला दोन-दोन किलो चिखल कशाने चिकटतो? याच घराण्यातल्या खनिजांनी! जी गोष्ट मुंबई-पुण्यात मांजरासाठी किलोच्या भावाने विकली जाते, तिच्या भाऊबंदांवर तुम्ही सोयाबीन आणि हळद पिकवता. (तरी रानातली माती ट्रेमध्ये भरू नका. पंजांना चिकटून ती घरभर रांगोळी काढेल. वाळू किंवा लाकडाचा भुसा बरा.) आणि ट्रे रोज साफ करा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. गर्भवती बाईच्या पोटातल्या बाळाला तो घातक ठरू शकतो, म्हणून हे काम तिच्याकडे देऊच नका. पण ताज्या विष्ठेत तो निरुपद्रवी असतो, अंगात विष भरायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोज केर काढणाऱ्या घरात त्याला तेवढी सवडच मिळत नाही. खर्च शून्य.

दवाखान्याची ओळ. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित लस, मग तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांना रेबीजची. या तीनमधला एक विषाणू पिल्लांची अख्खी वीण साफ करतो, आणि मूळचा मांजराकडचा हाच विषाणू किंवा त्याचा सख्खा भाऊ रूप बदलून 1978 च्या सुमारास जगभरच्या कुत्र्यांवर तुटून पडला. ज्याला आज कुत्रेवाले ‘पार्व्हो’ म्हणून घाबरतात, तो हा! पहिल्या वर्षीच्या लसींचे 2,500 धरू, पुढे वर्षाला 1,200, जंताच्या औषधाचे 500.

आता घरातल्या औषधांकडे बघा. मांजर कण्हतंय म्हणून कनवाळूपणे पॅरासिटामॉलची पाव-अर्धी गोळी दिली, तर ती त्याचा जीव घेऊ शकते. का? पुन्हा तेच किराणा दुकान. झाडपाल्यात नाना तऱ्हेची विषारी रसायनं असतात. झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांच्या यकृतात ती निकामी करणारी यंत्रं असतात. मांजराने पाला कधी खाल्लाच नाही, तेव्हा त्यातलं एक मोठं यंत्र गंजून मोडलं. पॅरासिटामॉल, फिनाईल, गुरांच्या गोचिडांवर फवारतो त्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन, यांतलं काहीच मांजराला धडपणे निकामी करता येत नाही. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं. त्यामुळे मांजराच्या पिसवांचं औषध वेगळं घ्यावं लागतं, फरशीचं पाणीही बदलावं लागतं. मोडलेल्या यंत्राचं हे आणखी एक बिल.

बोका पाळलात तर एक जास्तीचा धोका. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, पाणी वाचवायला बांधलेले. त्यांची मूत्रपिंडं लघवी कमालीची दाट करतात. उंदराच्या अंगात सत्तर टक्के पाणीच असतं, त्यामुळे तहान अशी फारशी लागतच नव्हती. कोरड्या खाद्यावरचं मांजर मात्र तेवढ्याच आळसाने पाणी पितं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, तिच्यात खडे अडकले की दोन-तीन दिवसांत खेळ खलास. यासाठी महिन्याला तीनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे, वर्षाचे 3,600. ते लागले नाहीत तर उत्तमच.

शस्त्रक्रियेचा आकडा ठरवायच्या आधी पिल्लाचा रंग बघा. हो, रंग! काळा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग एकत्र असतील तर डोळे मिटून ‘मादी’ लिहा. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. मादीकडे एक्स दोन, एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा असू शकतो. आणि तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो, गर्भात असतानाच, कुठला झोपणार हे नाणं उडवल्यासारखं ठरतं. मेरी लायन या शास्त्रज्ञबाईंनी 1961 साली हे मांडलं. अंगावरचा प्रत्येक नारिंगी किंवा काळा ठिपका म्हणजे त्या नाणेफेकीचा निकाल! बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो नारिंगी किंवा काळा. तीन रंगांचा बोका हजारांत एखादाच.

मादीची शस्त्रक्रिया पोट उघडून, म्हणून महाग. 3,000 धरू. ती टाळली तर? मांजरी पाच-सहा महिन्यांतच वयात येऊ शकते, गर्भ जेमतेम नऊ आठवड्यांचा, एका वेळी चार-पाच पिल्लं, वर्षात दोन-तीन वेत. तिच्या शरीरात बीज एरवी शक्यतो सुटत नाही, ते बहुधा मिलन झाल्यावरच सुटतं, त्यामुळे नेम सहसा चुकत नाही. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात! आणि ऐका, शस्त्रक्रियेनंतर मांजराची अन्नाची गरज साधारण पाव हिश्शाने घटते. 7,700 चे 5,800 होतात. दीड-पावणेदोन वर्षांत शस्त्रक्रियेचे पैसे वसूल. अट एकच, वाटीही पाव हिश्शाने कमी भरायची, नाहीतर मांजराचा लोड होतो. वसमतवरून परभणी गाठली की तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एक मजबूत झाकणाची टोपली मात्र आधी घ्या, मांजर एसटीत सुटलं तर वाहकाला काय सांगाल? टोपली, वाट्या, ट्रे मिळून 1,000.

दुधाची ओळ खोडून टाकली, तरी पहिलं वर्ष 18,300. पुढचं प्रत्येक वर्ष 11,100. मांजर पंधरा वर्षं सहज जगतं (टेक्सासमधलं क्रीम पफ नावाचं एक 38 वर्षं जगलं!). पंधरा वर्षांचे 1,73,700. ओढणीत आलेलं, फुकटचं, पावणेदोन लाखांचं मांजर.

डावीकडची ‘जमा’ बाजू अजून कोरी आहे. भरू या. घरउंदीर दिवसाला तीनेक ग्रॅम धान्य खातो, वर्षाला किलोभर. दहा उंदीर, अकरा किलो ज्वारी. हायब्रीड ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये, म्हणजे वाचले 407 रुपये! हिशोब जमत नाही म्हणून हसू नका, उंदीर खातो त्याहून जास्त नासवतो, पोती कुरतडतो, आणि तीन आठवड्यांत नवी वीण देतो. तरीही मांजराच्या शिकारीची कीर्ती जरा फुगलेली आहे. न्यूयॉर्कमधल्या कचऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात 79 दिवस कॅमेरे लावून पाहिलं, अभ्यास 2018 साली आला. मोकाट मांजरांनी मोठे उंदीर किती मारले? दोन! घुशीच्या वाटेला मांजर जात नाही, तेही हिशोबी आहे.

पण याच जमेच्या रकान्यात आपल्या विदर्भाचं एक नाव आहे. 1896 पासून प्लेगने मुंबई इलाखा आणि मग मध्य हिंदुस्थान पोखरून काढला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांच्या मनात आलं की जिथे मांजरं जास्त तिथे प्लेग कमी दिसतो. 1908 च्या सुमारास त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून मांजरं पाळा, असा आग्रहच धरला. त्याच वर्षी क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख जपानला गेले, त्यांनीही तिथे मांजरांचीच शिफारस केली. (मांजराला स्वतःलाही प्लेग होतो, तो भाग त्या उत्साहात मागे पडला.) ज्या मांजराला आपण ‘आडवं गेलं’ म्हणून शिव्या घालतो, त्याला त्या काळी लोकांच्या जीवाचा राखणदार ठरवलं जात होतं.

आता एक शेवटची गोष्ट, जी वहीत मांडताच येईना. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं, असं आपल्याकडे म्हणतात. मोठं झाल्यावर ते स्वतःही तेच करतं. तुमची ‘मनी’ शेजारच्या काकूंची ‘सोनी’ असते आणि मागच्या आळीत ‘चिंगी’. तीन घरांत तिला तीन वाट्या दूध मिळतं, खर्च वाटला जातो, आणि लस तिसऱ्याने दिली असेल असं प्रत्येकाला वाटतं. रेबीज एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही. तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. तुमच्या ओट्यावर येणारं मांजर आणखी कुठल्या घरी जातं आणि तिथे त्याचं नाव काय आहे, ते विचारून या. आणि त्या सगळ्या घरांत मिळून त्याला रेबीजची लस कुणी टोचली आहे का, तेही विचारा.